राजा मादी होता!

डोंबिवलीला आमचा एक नववीतला विद्यार्थी राहतो. त्याच्या घरच्या गॅलरीत काकाटील पक्ष्यांची एक जोडी होती. दोघेही पांढरट पिवळे, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी टिकली. दुकानदाराने देताना सांगितले होते, "हा मोठा दिसतो तो नर, ही बारीक ती मादी. जोडी पक्की आहे." त्यावरून मोठ्याचे नाव राजा पडले आणि लहानीचे राणी. वर्षभराने पिंजऱ्यातल्या खोक्यात अंडी दिसू लागली. एक, दोन करता करता नऊ अंडी झाली. दोघेही त्यांवर बसत. तीन आठवडे झाले, चार झाले, पण एकही अंडे फुटले नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा अंडी सुरू झाली. या वेळी मात्र एके दिवशी राजा पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहिला. खाणे बंद, शेपटी श्वासाबरोबर वरखाली हलते आहे. घरच्यांना वाटले, पावसाळी हवेने सर्दी झाली असेल. त्याला तुळशीच्या काढ्याचे दोन थेंब पाजले, पिंजऱ्यावर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा मेलेला आढळला. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की, पोटात अंडे अडकले होते. राजा मादी होता!

मुलगा शाळेत आला तो एकच प्रश्न घेऊन. "सर, आम्हाला हे आधी कसं कळलं असतं?" आम्हाला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. पुढचे काही आठवडे आम्ही विज्ञानाचे दोघे-तिघे शिक्षक आणि काही विद्यार्थी या प्रश्नाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

पहिला पुरावा त्या मुलाच्या घरीच होता, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. नवे अंडे दिसले की तो त्या तारखेवर टिंब काढत असे. काकाटीलची मादी साधारणपणे एक दिवसाआड एक अंडे घालते आणि एका वेळी चार ते सात अंडी देते. कॅलेंडरवर टिंबे होती नऊ. शिवाय एका तारखेवर दोन टिंबे होती. एका पक्षिणीच्या पोटात अंडे तयार होऊन त्यावर कवच चढायला एक दिवस तरी लागतोच. तेव्हा एकाच दिवशी दोन अंडी म्हणजे अंडी घालणाऱ्या दोघी! मुलाने नोंद अगदी चोख केली होती. ती वाचायची कशी हे त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि ते काम आमचे होते.

आता या पक्ष्याविषयी थोडेसे. काकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. शास्त्रीय नाव निम्फिकस हॉलँडिकस. यातील 'हॉलँडिकस' हा शब्द ऑस्ट्रेलियाच्या 'न्यू हॉलंड' या जुन्या नावावरून आला. काकाकुवांच्या कुळातला हा सर्वांत लहान सभासद; लांबी सुमारे ३० ते ३३ सेंटीमीटर, त्यातही निम्मी शेपटीच, आणि वजन ८० ते १०० ग्रॅम. ठाणे-कल्याणकडच्या दुकानांत याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. (याच दुकानांत 'लव्हबर्ड' म्हणून जे हिरवे-निळे चिमुकले पक्षी मिळतात ते बहुधा लव्हबर्ड नसून बजरीगार असतात. त्यांचे नर-मादी ओळखणे त्या मानाने सोपे आहे. चोचीच्या वरचा नाकपुड्यांभोवतीचा भाग मोठ्या नरात बहुधा निळा आणि मादीत तपकिरी असतो.)

आपल्या पोपटाची गोष्ट वेगळी आहे. गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असलेला तो नर आणि कंठ नसलेली ती मादी हे पुष्कळांना ठाऊक असते. पण हा आपला वन्य पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. 'आमचा मिठू वीस वर्षांचा आहे' असे कौतुकाने सांगणाऱ्या मंडळींच्या हे गावीही नसते. काकाटील परदेशी आणि पिंजऱ्यात पैदास होणारा असल्याने तो दुकानात उघडपणे दिसतो.

गाय-बैल किंवा कुत्रा-कुत्री ओळखायला आपल्याला अडचण येत नाही, कारण त्यांची जननेंद्रिये बाहेरून दिसतात. पक्ष्यांचे तसे नाही. नराची वृषणे पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात. मादीचा अंडाशयही आत, आणि बहुतेक पक्ष्यांत एकट्या डाव्या बाजूचाच काम करतो. बाहेरून दोघांनाही एकच द्वार असते. म्हणून मग पिसांकडे पाहावे लागते. चिमणा आणि चिमणी, काळा कोकीळ आणि ठिपकेदार कोकिळा, काळा-पांढरा दयाळ आणि त्याची राखी मादी यांना विद्यार्थी शाळेच्या आवारातही ओळखू शकतात. पण कावळा घ्या, साळुंकी घ्या. पुस्तकात 'नर-मादी सारखेच' एवढेच लिहिलेले असते. ते आपल्या डोळ्यांना सारखे दिसतात इतकाच त्याचा अर्थ. याच्या उलट टोकाला इक्लेक्टस नावाचा पोपट आहे. त्याचा नर हिरवागार आणि मादी लालभडक. हे दोन निरनिराळ्या जातींचे पक्षी आहेत असेच जुने पक्षिशास्त्रज्ञ कित्येक वर्षे धरून चालले होते!

काकाटील या दोन टोकांच्या मधला. ऑस्ट्रेलियाच्या माळरानावर उडणारा मूळ काकाटील करड्या रंगाचा असतो. त्याच्या पिसांत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात. एक मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांत असते तेच. त्याने करडा रंग येतो. दुसरे पिवळे-नारिंगी द्रव्य पोपटांच्या गणातच सापडते. इतर अनेक पक्षी पिवळा-लाल रंग खाण्यातून मिळवतात, पोपट तो आपल्या शरीरातच तयार करतात. घरट्यातून बाहेर पडलेल्या सगळ्या पिलांचा चेहरा करडा असतो, म्हणजे सगळी पिले मादीसारखीच दिसतात. सहा महिन्यांच्या सुमारास पहिली पीसगळ सुरू होते आणि नराच्या चेहऱ्यावर नवी पिसे येतात ती करड्या रंगाविना. मेलॅनिनने झाकलेला पिवळा तेथे मोकळा होतो, चेहरा लख्ख पिवळा दिसू लागतो आणि गालाची टिकली ठसठशीत उठून दिसते. मादीचा चेहरा करडाच राहतो. तिच्या शेपटीच्या खालच्या बाजूला पिवळे आडवे पट्टे आणि पंखांखाली फिकट ठिपके असतात. नराच्या शेपटीचे हे पट्टे पीसगळीत जातात. वर्षाचा पक्षी झाला की करड्या काकाटीलची नर-मादी लांबूनही सांगता येते. त्याआधी चेहऱ्यावरून सांगणारा माणूस अंदाजच करत असतो.

मग राजा-राणीच्या बाबतीत गोंधळ का झाला? कारण ते करडे नव्हते. पिंजऱ्यात पिढ्यान्पिढ्या पैदास होत असताना काकाटीलमध्ये अनेक उत्परिवर्तने आढळली आणि हौशी लोकांनी ती जपली. १९४९ मध्ये अमेरिकेत ठिपकाळलेला, म्हणजे 'पाइड' काकाटील निघाला. १९५८ च्या सुमारास तेथेच 'ल्युटिनो' निघाला. ल्युटिनोत मेलॅनिन तयारच होत नाही. करडा रंग गेला की उरतो पांढरा, पिवळा आणि नारिंगी, आणि डोळे लालसर. आता गंमत पाहा. नराची खूण ही 'चेहऱ्यावरचा करडा रंग जाणे' अशी आहे. ज्याच्या अंगावर करडा रंग मुळातच नाही, त्याच्या चेहऱ्यावरून तो जाणार कसा? ल्युटिनोत नर-मादी दोघांचेही चेहरे पिवळेच. मादीच्या शेपटीखालचे पट्टे तेवढे राहतात, पण पांढऱ्यावर फिकट पिवळे. शेपटीचे पीस उजेडासमोर धरून तिरके पाहिले तर कसेबसे दिसतात. राजाची पडलेली दोन पिसे मुलाने वहीत जपून ठेवली होती. आम्ही ती खिडकीत धरून पाहिली. पट्टे होते. वर्षभर ती वही त्याच्या दप्तरात होती!

इतर रंगांत आणखी वेगळे प्रकार आहेत. 'व्हाइटफेस' प्रकारात पिवळे-नारिंगी द्रव्य नसते, पण मेलॅनिन असते; त्यामुळे मोठ्या नराचा चेहरा पांढरा आणि मादीचा करडा होतो, खूण शाबूत राहते. 'पर्ल' प्रकारात पाठीवर मोत्यांसारखी नक्षी असते. नर मोठा झाला की त्याची नक्षी बहुधा निघून जाते, मादीची राहते. पाइडमध्ये करडा रंग कुठे असेल कुठे नसेल याचा नेम नाही, म्हणून तेथे पिसांवर भरवसा ठेवता येत नाही.

पिसे बोलली नाहीत तर वागणे बोलते का? बऱ्याच अंशी हो. नर काही महिन्यांचा झाला की शीळ घालू लागतो, तीच ती धून घोळवतो, ऐकलेले सूर उचलतो. चोचीने पिंजऱ्याच्या गजावर, वाटीवर टकटक करतो. पंख खांद्यापासून किंचित फाकवून ऐटीत चालतो. मादी बहुधा कमी बोलते आणि एकच साधी हाक देते. पण यात 'बहुधा' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. दोन माद्या एकत्र ठेवल्या तर त्यांतली एक नरासारखे वागू शकते. राजा राणीच्या डोक्याची पिसे साफ करी, तिच्यामागून फिरे, म्हणून तो नर याबद्दल घरात कोणाला शंकाच आली नाही. नाव एकदा पडले की पुढचे सगळे वागणे आपण त्या नावाप्रमाणेच वाचत जातो.

दुकानात आणखी एक पद्धत चालते. पक्षी उताणा धरून पोटाच्या खाली दोन हाडे बोटाने चाचपतात. हाडांत फट जास्त असेल तर मादी, कमी असेल तर नर. यामागे थोडे तथ्य आहे. बहुतेक पक्ष्यांत ही दोन्ही हाडे पुढे जोडलेली नसतात, आणि अंडी घालण्याच्या सुमारास मादीच्या हाडांतली फट रुंदावते. पण कोवळ्या मादीत किंवा अंडी न घालणाऱ्या मादीत ती रुंद नसते. म्हणजे ज्या वयात गिऱ्हाईक पक्षी विकत घेते, नेमक्या त्याच वयात ही परीक्षा निकामी.

तरीही 'हातगुण' असलेले विक्रेते प्रसिद्ध होतातच. याचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. डोळे मिटून नर किंवा मादी सांगितले तरी निम्म्या वेळा उत्तर बरोबर येते. लागोपाठ पाच पक्षी बरोबर येण्याची शक्यता ३२ पैकी १. म्हणजे ३२ जणांनी नुसती नाणी उडवून पाच-पाच पक्षी सांगितले, तर सरासरीने त्यांतला एक जण पाचही बरोबर सांगून नाव कमावील. जोडीचेही तेच. कोणतेही दोन पक्षी उचलून दिले तरी साधारण निम्म्या वेळा खरीच नर-मादीची जोडी निघते. उरलेल्यांना पिले झाली नाहीत तर दोष हवेला, खाण्याला किंवा नशिबाला जातो. दुकानदार खोटे बोलतो असे म्हणायचे कारण नाही. त्याच्याकडे चुका परत येतच नाहीत, मग त्या त्याला कळाव्यात कशा?

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर. ते पिसांत नव्हते, वंशावळीत होते, आणि दहावीच्या पुस्तकातल्या अनुवंशशास्त्राने ते सुटते.

माणसात स्त्रीची लिंग गुणसूत्रे एक्स-एक्स आणि पुरुषाची एक्स-वाय. बाळ मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रपेशीवर ठरते. पक्ष्यांत याच्या उलट असते. नराची दोन्ही गुणसूत्रे सारखी, झेड-झेड. मादीची वेगळी, झेड-डब्ल्यू. नराच्या प्रत्येक शुक्रपेशीत झेडच असतो. मादीच्या बीजात मात्र झेड किंवा डब्ल्यू. म्हणून पिलू नर की मादी हे आई ठरवते. (हे शिकवताना वर्गात थोडे थांबावे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासवा आपल्या आसपास अजून आहेत. माणसाला पक्ष्यांचा नियम लावून आपण इतकी वर्षे भांडत आलो!)

ल्युटिनोचे जनुक झेड गुणसूत्रावर असते आणि ते अप्रभावी असते. डब्ल्यूवर त्याची जोडीदार जागा नसते. तेव्हा मादीच्या एकुलत्या झेडवर ल्युटिनो जनुक असेल तर ती ल्युटिनो दिसणारच. नर ल्युटिनो दिसायला मात्र त्याच्या दोन्ही झेडवर ते जनुक हवे. एकावरच असेल तर तो करडाच दिसतो, पण जनुक वाहून नेतो. आपल्याकडे मुलग्यांत रंगांधळेपणा जास्त दिसतो त्याचीच ही उलटी बाजू.

कागदावर चौकट आखून तीन संकर करून पाहा. वडील ल्युटिनो आणि आई करडी असेल तर सगळ्या मुली ल्युटिनो, सगळे मुलगे करडे. घरट्यात पिलाचे डोळे लालसर दिसले की ती मादी, पीसगळीची वाट पाहायलाच नको. कोंबड्यांच्या पिलांत अशीच युक्ती वापरता येईल हे इंग्लंडमधील पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सुचवले होते. ही चौकट ज्यांच्या नावाने ओळखतात तेच हे पनेट. दुसरा संकर : वडील शुद्ध करडे, आई ल्युटिनो. सगळी पिले करडी. तिसरा : वडील करडे पण जनुक वाहणारे, आई करडी. बहुतेक पिले करडी, पण अधूनमधून एखादे ल्युटिनो निघते, आणि ते मादीच असते. कारण ल्युटिनो मुलगा व्हायचा तर त्याला एक झेड आईकडून ल्युटिनो जनुकासकट मिळाला पाहिजे, आणि आईकडे तो असता तर आई स्वतःच ल्युटिनो दिसली असती.

म्हणजे ल्युटिनो पिलू घेताना एकच प्रश्न विचारायचा, 'याची आई कोणत्या रंगाची?' आई करडी असेल तर पिलू मादी. आई ल्युटिनो असेल तर मात्र दोन्ही शक्य.

राजा-राणी कल्याणच्या एका हौशी पक्षीपालकाकडून दुकानात आली होती. मुलाला घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. गच्चीवरच्या पिंजऱ्यात आई-बाप अजून होते. दोघेही करडे. "यांना कधीमधी पांढरी पिल्लं होतात," ते गृहस्थ म्हणाले. राजा आणि राणी सख्ख्या बहिणी होत्या, आणि हे त्यांच्या जन्माच्या दिवशीच सांगता आले असते.

जेथे आई-बाप माहीत नाहीत तेथे आज खात्रीचा मार्ग डीएनए तपासणीचा. सीएचडी नावाचे एक जनुक पक्ष्यांच्या झेड आणि डब्ल्यू या दोन्ही गुणसूत्रांवर असते, पण त्यातल्या एका तुकड्याची लांबी दोन्हींवर वेगवेगळी असते. रक्ताच्या थेंबातून किंवा नुकत्याच उपटलेल्या पिसाच्या मुळातून डीएनए घेऊन त्या तुकड्याच्या असंख्य प्रती करतात आणि जेलीसारख्या थरातून विजेच्या साहाय्याने त्या सरकवतात. लहान तुकडा पुढे जातो, मोठा मागे राहतो. एकच पट्टा उमटला तर नर, दोन उमटले तर मादी. बहुतेक पक्ष्यांना चालेल अशी ही चाचणी ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. आता भारतातही प्रयोगशाळा टपालाने आलेल्या पिसांवर ही तपासणी करून देतात. मात्र आपोआप गळालेल्या पिसाच्या मुळाशी पेशी फारशा नसतात, म्हणून ते पुष्कळदा उपयोगी पडत नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये हंबोल्ट पेंग्विन आले. त्यांचेही नर-मादी दिसायला सारखेच असतात.

पण नर-मादी कळून करायचे काय? राजाच्या मरणाचा संबंध येथे येतो. काकाटील हा कोरड्या प्रदेशातला भटका पक्षी. पाऊस पडला, गवताचे बी मुबलक झाले, झाडाची ढोली सापडली की तो अंडी घालतो. आपल्या फ्लॅटमध्ये रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट असते, वाटीत राळे आणि सूर्यफुलाचे बी बारा महिने असते, आणि हौसेने ठेवलेले खोके ही ढोलीच. त्या पक्षिणीच्या दृष्टीने पावसाळा संपतच नाही. नर असो वा नसो, ती अंडी घालत राहते. एक अंडे साधारण पाच-सहा ग्रॅमचे, म्हणजे तिच्या वजनाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढे. साठ किलोच्या माणसाच्या हिशेबात एक दिवसाआड साडेतीन किलो! कवचासाठी लागणारे कॅल्शियम शेवटी हाडांतून निघते. त्याच कॅल्शियमच्या अभावी अंडनलिकेचे स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत आणि अंडे अडकते.

म्हणून घरात मादी आहे हे कळल्यावर खोके काढावे, सातच्या सुमारास पिंजरा अंधारात न्यावा, नुसत्या बियांवर न ठेवता पालेभाजी द्यावी. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगावा. म्हाकूळ जातीच्या समुद्री प्राण्याचे हे आतले कवच अत्तारांच्या दुकानात मिळते. घातलेली अंडी लगेच उचलू नयेत, नाहीतर ती भरपाईला आणखी घालते. आणि मादी पिसे फुलवून तळाशी बसली, पाय फाकवून कुंथू लागली, तर ती सर्दी समजू नये. पोट दाबू नये, अंडे आत फुटते. उबेत ठेवून काही तासांत पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयापर्यंत लोकलने पिंजरा नेणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

ज्यांच्या घरी आधीच काकाटील आहे अशा विद्यार्थ्यांकडून एक नोंदवही करून घेता येईल. (यासाठी नवा पक्षी घेऊ नये.) पक्षी सहा महिन्यांच्या आतला असेल तर रोज सकाळी पंधरा मिनिटे शीळ, टकटक आणि साध्या हाका मोजाव्यात. महिन्याच्या शेवटी नर की मादी याचे भाकीत लिहून पाकीट बंद करावे आणि पक्षी वर्षाचा झाल्यावर ते उघडावे. चुकलेली पाकिटेही फळ्यावर मांडावीत.

राणी आता एकटीच आहे. खोके काढले आहे, सात वाजता गॅलरीतला दिवा बंद होतो. कॅलेंडरवर गेल्या पाच महिन्यांत एकही टिंब नाही. मुलाने तिच्या पिंजऱ्याला एक चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर लिहिले आहे : मादी. आई करडी, वडील करडे (वाहक).